जवारीच्या दाण्याएवढा फुगा

दवाखान्यात वीस वर्षं आया म्हणून राबलं, की किस्से धुण्याच्या गाठोड्यासारखे साचत जातात. वरचा एक ओढावा, तर खालचे चार संगंच येतात. मले लिहिता येत नाई, नात लिहून राह्यली. तिले म्हटलं, मी बोलते तसंच लिही, शहाणपणा करू नको!

आटपाट नगरात राजा-राणी राहतात. आमच्या वर्ध्यात एक डॉक्टर सायब राहत होते, केरळातली एक अन्नम्मा सिस्टर होती, मी अनुसया होती, अन् एक नळी होती. घरी देवळीले आमचे मालक नामदेवराव, सायकलचं पंक्चर काढणारे. अन् आमची एकुलती एक कमल.

कमलचे लहानपणी सांधे सुजले. ताप उतरला, पण दुखणं काळजात जाऊन बसलं. डॉक्टर सायबांनी मले बाजूले घेतलं. "अनुसयाबाई, हिच्या काळजात रक्ताची गुठळी धरू शकते. सुटली तर पायात जाऊन अडकेल. पाय थंड पडला तर घरी शेकत बसू नका. तसंच उचलून आणा."

तेव्हापासून सकाळी उठलं की पयले पोरीच्या पायाले हात, मंग चुलीले.

अशाच पायांसाठी ती नळी होती. सुतळीपेक्षा बारीक, टोकाले जवारीच्या दाण्याएवढा फुगा. जांघेत दोन बोटं चीर द्यायची, नळी नसेत सरकवायची, गुठळीच्या पार न्यायची. मंग पिचकारीनं फुगा फुगवायचा अन् हळूच मागं ओढायचा. गुठळी फुग्यासंगं बाहेर! माणूस सारा वेळ जागाच. पण नळी एकच. धुवायची, जंतू मारणाऱ्या गोळ्या टाकलेल्या काचेच्या बरणीत ठेवायची, पुन्हा वापरायची. धुणारी मी.

दुसरं काम पायाले हात लावायचं. स्ट्रेचर बाहेर आलं की सिस्टर म्हणे, "अनुसया, हात लगाओ." मी सांगत होती, थंडा का गरम. डॉक्टर सायब माया हाताले मानत.

*

कारंज्याचा एक ढाबेवाला आला. धिप्पाड माणूस, पण पाय बर्फ. टेबलावर सारखा वरडे, "मेलो, मेलो!" अर्ध्या तासात सायबांनी गुठळी ओढली अन् ट्रेमधे त्याले दाखवली. बोटभर, काळी, जळवेसारखी.

तो पाहतच राह्यला. "एवढ्याशानं मले लोळवलं? सायब, याच्यापेक्षा मोठी तर मी मिरची तळतो!"

सारे हसले. सिस्टरले मराठी उशिरा समजे, ती मागून एकटीच हसली.

*

पण नळी साऱ्यांसाठी नव्हती. जाम गावचे एक म्हातारबाबा आले. बिडी पिऊन पिऊन नसा मुळापासून सुकलेल्या, बोटं कोळसा झालेली. सायब म्हणाले, "बाबा, नळी सरकायला वाटच उरली नाही. पाय काढावा लागेल."

पाय काढला. पोरानं रीतीप्रमाणं कापडात गुंडाळून नेला अन् पुरून आला. बाबानं विचारलं, "कुठं पुरला रे?"

"बांधावर, बोरीखाली."

"बरं केलं. मले बी तिथंच न्याजो. नाईतर वर गेल्यावर पाय शोधत कुठं हिंडू?"

तिसऱ्या महिन्यात पोरगा एकटाच भेटाले आला. म्हणे, "मावशी, बाबाले नेलं बोरीखाली."

*

आमचे मालक कधीमधी भाकर घेऊन येत. एकदा मी मागच्या मोरीवर नळी धुऊन फुगा पाण्यात तपासत होती. ते मान वाकडी करून पाहत राह्यले अन् म्हणाले, "कमलची माय, पंक्चर हाय."

"काऊन बोलता उगाच? मले तर काई दिसत नाई."

"तुले भाकर करपली तेबी दिसत नाई. तो पहा, डाव्या अंगानं बुडबुडा."

सायब आले, भिंगातून पाह्यलं. खरंच सुईच्या टोकाएवढं भोक! सायब गमतीनं म्हणाले, "लावता काय पॅच?"

"सायब, ट्रकच्या टायरले लावतो. जवारीच्या दाण्याले कसा लावू?"

त्या दिवसापासून सायब त्यांले 'नामदेवराव' म्हणू लागले. आधी 'अनुसयाबाईचे मिस्टर' होते. नवी नळी येयाले मात्र चार महिने गेले. ते चार महिने मी कमलले पायरी चढू देत नव्हती.

*

आता हे सांगाचं नव्हतं. पण नात म्हणते, सांग.

त्या काळी दवाखान्यात सारंच उकळत. काचेच्या पिचकाऱ्या, सुया, चिमटे. उकळलं म्हणजे शुद्ध, हेच आमचं शास्त्र. नळीचं मात्र सिस्टरनं बजावलं होतं, "अनुसया, इसको उबालना नहीं. कभी नहीं."

एक दिवस कावीळ झालेल्या माणसावर नळी वापरली. धुता धुता माया मनात आलं, उद्या हीच नळी कमलच्या नसेत गेली तर? हातानं धुऊन काय होते?

मी नळी उकळली. वरून झाकण ठेवून.

काढली तेव्हा फुगा दुधावरच्या सायीसारखा चिपकला होता.

दुसऱ्याच दिवशी समुद्रपूरकडून रमा आली. शिलाई मशीन चालवणारी, तरणी पोरगी. काळजाचं दुखणं अगदी कमलसारखं, अन् पाय थंडा. नागपूरले नळी आणाले जीप धाडली. जीप रिकामी आली. पाय मांडीतून गेला.

सायबांनी चिपकलेला फुगा मले दाखवला अन् ते पुढच्या खाटेकडं गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चवथ्या दिवशी मीच रमाच्या खाटेपाशी बसली अन् सारं सांगितलं. तिनं विचारलं, "काऊन उकळली?"

मी कमलचं सांगितलं.

तिनं तोंड भिंतीकडं केलं. दोन दिवस माया हातचं पाणी घेतलं नाई. तिसऱ्या दिवशी म्हणे, "मावशी, संडासले जाचं हाय. धरा."

मी धरलं.

*

वर्षभरानं, कापूस वेचाईच्या दिवसांत, मी रातपाळीवर होती तेव्हा, सकाळच्या एसटीनं आमचे मालक कमलले पाठीवर घेऊन आले. मले पाहताच म्हणाले, "शेकलं नाई. घासलं नाई. तसंच आणलं."

मी पोरीच्या तोंडाकडं पाह्यलं. पायाकडं पाह्यलं नाई.

नवी नळी बरणीत होती. मी बरणी उचलली अन् छातीशी धरून उभी राह्यली. सिस्टरनं बरणी काढून घेतली. फुगा पाण्यात तपासाचा होता. सायबांनी दाराकडं पाह्यलं. "नामदेवराव, चपला काढून आत या. कशाला हात लावू नका. फक्त बघा."

ते हात पाठीमागं बांधून वाकले. पापणी हालली नाई.

"नाई सायब. एक बी बुडबुडा नाई."

मले बाहेर बाकावर बसवलं. बाजूले कोणी तरी कुबड्या टेकवल्या. पाह्यलं तर रमा! लाकडी पायाचं माप द्याले आली होती. तिनं आत कोण हाय ते विचारलं नाई. माया तोंडावरून तिले समजलं. आम्ही दोघी बसून राह्यलो. आतून कमलचा आवाज आला, मंग तोही बंद झाला.

दार उघडलं. स्ट्रेचर बाहेर आलं.

"अनुसया," सिस्टर म्हणाली, "हात लगाओ."

साऱ्या वार्डाच्या पायाले हात लावणारी मी. माया हात उचलेच ना. मांडीवर दगडासारखा पडून राह्यला.

रमा एका कुबडीवर उठली. कमलच्या पायावरची चादर तिनं बाजूले सारली अन् तळव्याले हात लावला. मंग बोटांले, एक एक करून. लय वेळ.

मंग माया हात धरला, अन् तिथं नेऊन ठेवला.

"पहा मावशी," म्हणे. "गरम हाय."