बाबांचं सामान आणि मागची खोली

गेल्या रविवारी आमची मागची खोली रिकामी झाली. खांदा कॉलनीतल्या टू बीएचकेमध्ये अख्खी खोली मोकळी होणं म्हणजे केवढी चैन, हे इथल्या लोकांना सांगायला नको... पण फोटो टाकावासा वाटला नाही. म्हणून नुसतं लिहितेय.

माझे सासरे, म्हणजे बाबा, शिरढोणकडे मोटार वायंडिंग करायचे, म्हणजे विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे. जळालेले पंप, बंद पडलेले पंखे, मिक्सर... दुकान बंद केलं तेव्हा ते सगळं आमच्या घरी राहायला आलं. आधी मागच्या खोलीतल्या पलंगाखाली, मग पलंगावर, आणि शेवटी पलंगच बाहेर गेला. बाबा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघं हॉलमध्ये झोपायला लागले.

बाबा असताना मी कुरकुर करायचे, ते हसायचे. "सूनबाय, हे भंगार नाय, स्पेअर पार्ट हायत," म्हणायचे. मग वर्षापूर्वी ते गेले.

दहाव्याला पुरुष मंडळी आपटा गावात नदीवर गेली. आई आणि मी घरीच होतो. तिथे पिंडाला कावळा शिवेना... आईंना नीट सांभाळू म्हणून झालं, त्यांच्या पुतणीचं लग्न लावून देऊ म्हणून झालं, ऊन चढायला लागलं तरी झाडावरचा कावळा काही खाली येईना. शेवटी माझा नवरा महेश हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमची एक पण वस्तू घराबाहेर काढणार नाय." आणि कावळा आला.

महेश घरी आला तो रडतच. मीही रडले. बाबांचा जीव त्या सामानात होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतंच, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

मग काय... खोलीला हात लावायची सोय उरली नाही. मी मोबाईलवर डिक्लटरिंगचे व्हिडिओ बघायचे. कपाट आवरा, मन आवरा... त्यातल्या बायकांच्या घरी सासऱ्यांच्या जळक्या मोटारी नसतात, आणि कावळ्याला दिलेला शब्द तर नसतोच. मी आपली मुलांची जुनी पुस्तकं देऊन यायचे आणि त्यातच समाधान मानायचे.

घर मात्र भरलेलंच. मुलीची दहावी, मुलाचे मित्र, टीव्ही, कुकर, दारावरची बेल... आणि या सगळ्याच्या मधोमध दिवाणावर आई. बाबा गेले त्या दिवशी रडल्या तेवढ्याच. नंतर एकदम गप्प. महेशला वाटायचं, बाबांचं सामान डोळ्यांसमोर आहे म्हणून त्यांना आधार वाटतो. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

फक्त त्यांची आंघोळ लांबायला लागली. आमच्या सोसायटीत पाणी येतं थोडा वेळ, आणि नेमका तेव्हाच आईंचा नळ धो धो चालू. वय झालं की होतं असं, असं मनाला समजावायचे आणि बाहेर उभी राहून चरफडायचे.

रविवारीही तेच. मुलगा दार वाजवतोय, "आजी, लवकर!" नळ चालूच. शेवटी मी हाक मारली. दार उघडलं तर आई स्टुलावर बसलेल्या... साडी कोरडी, बादली कधीच भरून वाहतेय, डोळे सुजलेले.

मी नळ बंद केला. महेश मागे येऊन उभा राहिला होता. आई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मना घरान रडायला जागा नाय रे, बाला."

महेश एकदम कावराबावरा झाला. म्हणाला, "आये, मागची खोली... पण मी बाबांना शब्द दिलाय."

"तुमी त्यांना शब्द दिला," आई म्हणाल्या. "मना कोनी इचारला?"

कुणीच विचारलं नव्हतं. तिकडे नदीवर इतके जण होते, इकडे घरात मी होते... त्यांच्या खोलीबद्दल त्यांना विचारावं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग आईच म्हणाल्या, "त्यांना मी सांगन काय ते. जलमभर माजं आयकलं नाय, आता तरी आयकतील."

दुपारी चुलतदिराचा टेम्पो आला. गावाला त्याची शेड आहे, तिथे सगळं ठेवायचं ठरलं. महेशने कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक मोटार स्वतः उचलून खाली नेली आणि प्रत्येक वेळी डोळे पुसत वर आला. आई दारात बसून बघत होत्या. त्यांनी स्वतःसाठी काही ठेवून घेतलं नाही.

फरशीवर तेलाचे काळे डाग राहिले. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." चटई घेतली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी टीव्ही बंद केला. मुलं आपोआप गप्प बसली. थोड्या वेळाने आतून आईंचा आवाज यायला लागला... आधी बारीक, मग मोठ्याने. इतकी वर्षं मी या घरात आहे, आई कधी बाबांचं नाव घेत नसत. 'हे' नाहीतर 'पोरांचा बापूस', एवढंच. त्या संध्याकाळी आई आतून हाका मारत होत्या, "दामोदर... अरे दामोदर..."

महेश दाराबाहेर जमिनीवर बसून ऐकत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. दार वाजवायला कुणीही उठलं नाही.

आई, तुम्ही खोली मागितलीत, फार बरं केलंत.