खिडकीपासून दोन हात
मास्तरांनी आजवर किती जणांना गाडी चालवायला शिकवली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. गावातली निम्मी माणसं त्यांच्याकडे शिकली आणि उरलेली निम्मी त्यांच्या शिष्यांना चुकवत रस्त्यानं जातात, असं त्यांची बायको म्हणते. खुद्द मास्तरांकडे मात्र गाडी नाही. शिकवायची गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाची. संध्याकाळी मालकाच्या खिळ्याला किल्ली अडकवली की मास्तर आपले दोन पाय घेऊन घरी निघतात.

दिवसभर ते डावीकडच्या सीटवर असतात. तिथं त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे. शिकणारा चुकला की दाबायचा. इतकी वर्षं दाबून दाबून तो पाय आता त्यांचं ऐकत नाही. न्हाव्याची कात्री कानाजवळ आली की दाबला जातो. टीव्हीवर कोणी जिन्यावरून धावत उतरलं तरी दाबला जातो. झोपेत तो बायकोच्या पोटरीवर पडतो. "लग्न झाल्यापासून पुढं म्हणून जाऊ दिलं नाही या माणसानं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

अलीकडे ती काहीच सांगत नव्हती. पोटाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे, पण तिचं खाणं जे सुटलं ते सुटलंच. मास्तर पहाटे उठून सूप करायचे, ते संध्याकाळी मोरीत ओतायचे. बहिणीनं डबा पाठवला, शेजारणीनं पाठवला. सगळे डबे मास्तरांनी खाल्ले आणि अशा दिवसांत आपलं वजन वाढतंय याची त्यांना लाज वाटू लागली. "मागेल ते द्या," डॉक्टर म्हणाले होते, "पण पोटात जाऊ द्या. नाहीतर परत भरती करावं लागेल." पंचाईत अशी, की ती मागतच नव्हती.

आणि त्या दुपारी ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "अहो, ते मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात मिळतात ना, बटाट्याचे लांब लांब, खारट. ते खावेसे वाटतायत."

मास्तर नुकते जेवायला घरात शिरत होते. ते उंबऱ्यावरूनच मागं फिरले.

हॉटेलच्या काचेच्या दाराला दोरी बांधलेली. आत गवंडी फरशी बसवत होते. दारावर कागद होता, 'बसायची सोय बंद. खिडकीवर मिळेल.' खिडकी इमारतीच्या मागं होती आणि तिकडं जायला गाड्यांची रांग होती. मास्तर रांगेत उभे राहिले. पुढं एक गाडी, मागं एक गाडी, मध्ये मास्तर. पुढची सरकली की सरकायचे, थांबली की थांबायचे, मधलं अंतर बरोबर राखायचे. वळणावर सवयीनं त्यांनी उजवा हात बाहेर काढून दाखवलासुद्धा. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

ऑर्डर सांगायचा खांब गाडी आली की आपोआप बोलतो. मास्तरांपुढं तो गप्प राहिला. ते खाकरले, वाकून जाळीत "कुणी आहे का?" म्हणाले, आणि शेवटी तसेच खिडकीपाशी गेले.

खिडकीतली मुलगी कानाला हेडफोन लावून एकाच वेळी दोघांशी बोलत होती. तिनं आधी त्यांच्या मागं पाहिलं. "गाडी कुठंय काका?"

"गाडी नाही."

"मग नाही देता येणार. पायी आलेल्यांना द्यायचं नाही असा नियम आहे."

"अगं, पण मी रांगेतनं आलोय."

"तेच तर. गाड्यांच्या मध्ये कुणाला लागलं म्हणजे? आमच्यावर येतं." सकाळपासून उभी असावी, खिडकीच्या चौकटीला खांदा टेकवून बोलत होती. "वर कॅमेरा आहे. माझी नोकरी जाईल. तुम्ही कुणाची तरी गाडी आणा ना."

मास्तरांना भांडता आलं नाही. गाड्यांच्या मध्ये पायी माणसानं येऊ नये, हे तेच तर आयुष्यभर सांगत आलेले. त्यांनी मागच्या गाडीच्या काचेवर टकटक केली. "जरा माझंही घेता का?" काच जेवढी उघडी होती तेवढीही वर गेली.

दुपारच्या पहिल्या तासाला शिवणकामवाल्या ताई होत्या. बाजारात ब्लाउज शिवायचं दुकान, वय साठीच्या अलीकडचं. मुलगा म्हणाला होता "आई, तुला जमायचं नाही," म्हणून नेटानं शिकत होत्या.

मास्तर गाडीत बसून म्हणाले, "आज जरा अरुंद जागेतून गाडी काढायचा सराव करू. हॉटेलच्या खिडकीपाशी."

ताईंनी आरशात बघायचं सोडून त्यांच्याकडं बघितलं. "जेवला नाहीत का मास्तर?"

तेव्हा मास्तरांनी सांगितलं. तास तुमचा आहे, नको असेल तर राहू दे, असंही म्हणाले.

"काय बाई तरी," ताई म्हणाल्या. "ते आधी सांगायचं सोडून अरुंद जागा काय, सराव काय." आणि त्यांनी पहिल्यांदाच गाडी बंद न पाडता गियर टाकला.

खांब या वेळी चटकन बोलला. मास्तरांनी ताईंच्या कानावरून ओरडून ऑर्डर दिली. वळण ताईंनी सुरेख घेतलं, आणि गाडी थांबली ती खिडकीपासून दोन हातांवर. नेमकी दोन हातांवर. भिंत असो, माणूस असो, गुरं असोत, दोन हात अंतर, हे मास्तर पहिल्या दिवसापासून घोकून घेतात. बाकीचे कधी हातभर सोडतात, कधी आरसा घासतात. ताईंची आयुष्यभर मापं घेण्यात गेलेली; नजरेत इंचाची चूक होत नाही.

मुलीनं पुडी पुढं केली. पोचेना. मास्तर म्हणाले, "ताई, हात बाहेर काढून घ्या."

"हात स्टिअरिंगवरनं काढायचे नाहीत."

"गाडी उभी आहे ना आता."

"चालू आहे. चालू असेपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर, काहीही झालं तरी. तुम्हीच म्हणता." ताईंचे हात स्टिअरिंगवर असे होते की काढायचे म्हटलं असतं तरी निघाले नसते.

"बरं, मागं घेऊन परत लावू."

"मागं पाच गाड्या आहेत मास्तर. मी अजून रिव्हर्स शिकले नाहीये."

मागच्या पाचही गाड्यांनी याला दुजोरा दिला. मास्तर उतरले, बॉनेटपुढून वळसा घालून खिडकीपाशी आले आणि हात पुढं केला.

मुलीनं पुडी मागं घेतली. "काका, तुम्ही परत पायी आलात."

"अगं, ही काय गाडी."

"दिसतेय. पण तुम्ही बाहेर आहात." तिनं एकदा वरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. आवाज अगदी दमलेला होता. "बसा ना कुठंतरी आत."

मास्तरांनी ताईंच्या मागचं दार उघडलं. दोन हात जागा होती म्हणून ते उघडलं तरी. मागच्या सीटवर ते आडवे टेकले, पाय बाहेर लोंबत ठेवून, आणि वाकून हात लांबवला. मुलीनं क्षणभर त्यांच्या पायांकडं पाहिलं. मग कमरेपर्यंत खिडकीबाहेर येऊन पुडी त्यांच्या हातात ठेवली.

"कुणासाठी एवढं?" तिनं विचारलं.

"बायकोसाठी. महिनाभरानं काहीतरी मागितलंय."

"मग लवकर जा," ती म्हणाली आणि हेडफोनमध्ये पुढच्या गाडीला नमस्कार करू लागली.

ताईंनी गाडी थेट मास्तरांच्या घराशी नेली. वाटेत दोनदा बंद पडली. पुडी त्यांनी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली होती.

तरी व्हायचं ते झालं. बायकोनं उशीला टेकून एक तुकडा उचलला, तो मधूनच वाकला. तिनं खाल्ला. दुसरा खाल्ला. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून तिच्या गळ्याकडं बघत होते. पाव पुडी झाल्यावर ती थांबली आणि बोटं पुसू लागली.

"गार झालेत."

"हो गं. जरा वेळ लागला."

"एवढ्याशा रस्त्याला?"

"गर्दी होती," मास्तर म्हणाले.

"उद्या गरम आणा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. लगेच झोप लागली तिला.

मास्तर उरलेले गार बटाटे खात बसले. दुपारभर त्यांच्याही पोटात काही नव्हतं. दुपारच्या पहिल्या तासाला उद्या कोण आहे, ते ते आठवत होते. तो बँकेतला पोरगा. तो भिंतीला इतका चिकटून चालवतो की एक आरसा आधीच बदलावा लागला आहे. बाहेर ताईंनी हॉर्न दिला. तास अजून संपला नव्हता. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.