आहेर आधी, सोयरीक नंतर

माझ्या लग्नाचा आहेर माझं लग्न ठरायच्या आधीच आला. यात पाहुण्यांची काहीच चूक नाही. चूक इंटरनेटची, आणि थोडी माझी. (बायकोच्या मते थोडी इंटरनेटची.)

अमरावतीत आमचं भांड्यांचं दुकान, मागेच घर. ते सालच वाईट होतं. कापसाला भाव नाही म्हणून लग्नं पुढे ढकललेली, आणि लग्नं नाहीत म्हणून भांडी हलेनात. सकाळी मी फडकं घेऊन स्टीलचे गंज, म्हणजे आमच्याकडची पातेली, पुसायचो, संध्याकाळी तेच गंज पुन्हा पुसायचो. अशा दिवसांत आम्ही धामणगाव रेल्वेला मुलगी पाहून आलो. वैशाली. ती मला इतकी आवडली की परतीच्या गाडीतच मी आईला होकार सांगून टाकला. तिचे वडील मनोहरराव धान्याचे व्यापारी. माल हातात घेतल्याशिवाय सौदा न करणारा माणूस. ते म्हणाले, पोरगा ठीक आहे, पण दुकान चालतं का ते अमुक रविवारी येऊन पाहतो.

आता आली का पंचाईत! दुकानात माशी फिरकत नव्हती.

मी इरफानकडे धावलो. इरफान माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा सायबर कॅफे होता, लोडशेडिंगनं परवानगी दिली की चालायचा. त्यानं नेटवर वाचलं होतं की तिकडे अमेरिकेत छोटे दुकानदार गिऱ्हाइकाला टपालानं कार्ड पाठवतात आणि प्रत्येक कार्डावर त्या त्या गिऱ्हाइकाच्या नावाचा वेगळा वेबपत्ता छापतात. तो उघडला की त्याच्या नावाचं पान आणि त्याच्यासाठी खास सूट.

"माणूस सोताचं नाव पाह्यल्याशिवाय राहत नाई, भाई," इरफान म्हणाला. "अन् पाह्यलं की दुकानात येतेच."

मला पटलं. त्या दिवसांत मला काहीही पटत होतं. बाबांना मात्र पटलं नाही. त्यांनी जन्मभर मशीननं भांड्यांवर नावं घातलेली. नाव घालायचं तं भांड्यावर घाल, कार्डावरचं कोण पाहते, असं ते म्हणाले. मी त्यांना मनातल्या मनात जुनाट ठरवून टाकलं.

प्रेस इरफानच्या मामांची. त्यांच्याकडे त्या वर्षी न खपलेले लग्नपत्रिकांचे कोरे कागद पडून होते. गुलाबी, सोनेरी काठाचे, वर गणपती आधीच छापलेला. स्वस्तात मिळाले, घेतले. मजकूर माझ्या अकलेतून आला : ‘आपल्यासाठी खास तयारी केली आहे. रविवारी सहकुटुंब अगत्य यावे.’ खाली माझं नाव, आणि अगदी तळाशी बारीक इंग्रजीत ज्याच्या त्याच्या नावाचा वेबपत्ता. सूट कशावर ते मुद्दाम लिहिलं नाही. ते पानावर पाहायचं, तीच तर गंमत! कार्डं देवापुढे ठेवली, तर आईनं एकेकाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. नवं काम हाय, कोरं कसं पाठवतं बापा, म्हणाली. मलाही ते शोभून दिसलं. गिऱ्हाइकांना, नातलगांना टपालानं पाठवली, आणि एक कार्ड मी मनोहररावांनाही टाकलं. म्हटलं, जावई किती पुढारलेला मिळून राहिला ते कळू दे त्यांना.

गुलाबी कागद, गणपती, हळदकुंकू, सहकुटुंब यावे, खाली पोराचं नाव. वऱ्हाडात याचा अर्थ एकच होतो. आणि तळाशी बारीक इंग्रजी असतं ते प्रेसवाल्याचं, ते कोणी वाचत नाही.

रविवारी सकाळीच बाबांचे आतेभाऊ नामदेवकाका पातूरहून एसट्या बदलत आले. घरची सगळी माणसं सोबत, अंगावर नवं धोतर. फोन नाही, नुसतं कार्ड पाठवलं म्हणून आधी रागावले, मग मला पोटाशी धरलं, मग विचारलं, मुहूर्त कधीचा हाय. मला वाटलं दुकानाबद्दल विचारतात. म्हटलं, आपल्याकडे दिवसभर आहे काका, केव्हाही या! काका गोंधळले. मग त्यांनी पितळेची परात माझ्या हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं : ‘चि. अविनाश यास लग्नात सप्रेम भेट’. तेव्हा कुठे मला कळलं, काका माझ्या लग्नाला आले होते.

तोवर दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जो तो आहेर घेऊन आलेला. बरं, नवरदेवाच्या दुकानातून नवरदेवालाच आहेर कसा घ्यायचा? म्हणून प्रत्येकानं तो समोरच्या गुलाबभाऊंच्या दुकानातून घेतला होता. गुलाबभाऊंचं नावं घालायचं मशीन थांबायला तयार नव्हतं. माझी जाहिरात जबर चालली होती, फक्त रस्त्याच्या पलीकडे. खरं सांगायला मी तोंड उघडलं की कोणीतरी त्यात पेढा कोंबायचं. पाहुणे पंगतीची चौकशी करायला लागले तशी आईनं मुकाट्यानं पिठल्याचं पातेलं चढवलं.

आणि दारात मनोहरराव उभे राहिले. सोबत वैशाली. मलेही दुकान पाहाचं हाय, म्हणून हट्टानं आलेली.

गर्दी पाहून मनोहररावांचा चेहरा खुलला. एवढ्यात नामदेवकाका पुढे झाले.

"तुमी मुलीकडचे काय जी?"

"हो," मनोहरराव म्हणाले.

"मंग इतका उशीर काहून केला? नवरी कुठं हाय?"

मनोहररावांनी परात पाहिली. परातीवरचं माझं नाव पाहिलं. इतके दिवस ते ज्याला दुकान पाहायचं बोलावणं समजत होते ते कार्ड खिशातून काढलं, आणि आता त्यांना हळदकुंकू दिसलं. आमची पोरगी पाहून जाता अन् लग्न दुसरीकडे लावता काय, एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. मी काय बोलणार? तोंडात पेढा होता. वैशाली चालली माझ्या हातची, एवढं कळत होतं आणि रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात वैशालीनं वडिलांच्या हातातून कार्ड घेतलं.

"बाबा, लग्नाच्या पत्रिकेत कढईवर सूट नसते."

तिनं सांगितलं, कॉलेजजवळच्या कॅफेत बसून तिनं तो खालचा पत्ता उघडला होता. पानावर मनोहररावांचं नाव होतं आणि त्याखाली, खास तुमच्यासाठी, कढईवर सूट. ही जाहिरात हाय बाबा, ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. मी पेढा गिळला.

"म्हंजे आता आहेर वापस न्याचा काय?" नामदेवकाका हिरमुसून म्हणाले.

मनोहररावांनी ढिगातलं एक भांडं उचलून हातात तोललं. शेवटी व्यापारी माणूस. "आलेला माल वापस कायले करता?" ते म्हणाले. "पोरीले विचारा, अन् असू द्या इथंच."

पोरीला विचारलं. पंगत पिठल्यावरच उठली, पण सोयरिकीची उठली.

पुढं इरफाननं हिशोब लावला, तेव्हा कळलं की एवढ्या कार्डांमधून पान उघडलं होतं फक्त एकानं, धामणगावहून. म्हणजे त्या थोर जाहिरातीनं मला गिऱ्हाईक मिळालं ते एकच, आणि ते तेव्हापासून आजपर्यंत दुकानातून फुकट भांडी नेऊन राहिलं. वरून त्यावर नावही मीच घालून देतो, तिचं.