कॉन्चेर्टोच्या मधेच सत्कार

मंडळी, आज डोकं पार फिरलंय.

माझी धाकटी बहीण नागपूरच्या एका लहानशा ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. आज दुपारी त्यांचा कार्यक्रम पहिल्यांदाच भंडाऱ्यात होता. आधी तीन भागांचा जुना पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रानं मिळून वाजवायची रचना, मग एक आजच्या काळातली रचना. त्या नव्या रचनेत बहीण एकटी वाजवणार होती, म्हणून आईला आंबागडहून एसटीनं आणलं.

कॉन्चेर्टोचा पहिला भाग संपला. वादक क्षणभर थांबले, तर निवेदकाला वाटलं, झालं! त्यानं लगेच पाहुण्यांना स्टेजवर बोलावलं. मग शाली, नारळ, भाषणं. पियानोवाल्या बाई तासभर मांडीवर हात ठेवून बसून होत्या.

उरलेले दोन भाग कसेबसे झाले आणि हॉलची वेळ संपली. नवी रचना रद्द!

"काहून गा, माही पोरगी एकटी कवा वाजवन?" आईनं विचारलं.

बाहेर आल्यावर मी आयोजकांना शिव्या देऊ लागलो. बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, भाषण संपल्यावर तूही टाळ्या वाजवून राहिला होता ना."

खरं आहे. वाजवत होतो. तुम्ही असता, तर उठून बोलला असता का?