देवमन खिडकीपाशी थांबला

वाशीमच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात देवमन वीस वर्षांपासून शिपाई आहे. मूळचा केनवडचा, वय पन्नाशीचं, राहतो एकटा. लग्न का केलं नाही, हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. खरं कारण त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. ते उघडं पडेल या भीतीपायी तो बारा वर्षं दारू प्यायला. ती सुटल्याला आता नऊ वर्षं झाली.

मार्चमध्ये एकदा सकाळी अकरालाच रिठद गावचा ऋषिकेश त्याला पाण्याच्या बाटलीतून दारू पिताना दिसला. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा.

"कधीपासून पिऊन राह्यला?" देवमनने विचारलं.

"दिवाळीपासून." त्याने बाटलीचं झाकण लावलं. "काका, मले पोरंच आवडतात. वर्गातल्या एकानं माह्या मोबाइलातले मेसेज पाह्यले. पप्पाले दाखवीन म्हनते. आता जगून काय करू?"

देवमनच्या मनात आलं, आपण मधे पडलो तर लोक दोघांचं नाव जोडतील, यानंच पोरगं बिघडवलं म्हणतील. "सरांले सांग," एवढं बोलून तो कपाटाकडे वळला. ऋषिकेश दप्तर तिथंच टाकून निघाला, तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो मागे धावला.

ऑटोने दोघं सरकारी दवाखान्यात गेले. मानसोपचाराच्या खिडकीपाशी रांगेत केनवडचा भाऊसिंग उभा.

"देवमन, तू इथं काहून? अन् हा कोन?"

देवमनला परत फिरावंसं वाटलं. पण तो थांबला. "कॉलेजातला पोरगा हाय. याले बरं नाई."

भाऊसिंग दोघांकडे पाहतच राहिला.

आत ऋषिकेशने पोरं आवडतात, दारू पितो, जगावंसं वाटत नाही, असं थोडक्यात सांगितलं. डॉक्टरबाईंनी देवमनला विचारलं, "तुम्ही याचे कोण?"

"कोनी नाई, बाई. पन मीबी याच्यासारखाच हाय." ऋषिकेशने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"मुलगे आवडणं हा काही आजार नाही," बाई म्हणाल्या. "दारूचा मात्र इलाज करावा लागेल. आणि मरायचे विचार येतात, ते मला सगळं सांगायचं."

ऋषिकेश पाच दिवस भरती होता. पुढे परीक्षा दिली. जूनमध्ये एकदा पुन्हा प्यायला, पण त्याने स्वतःच फोन करून देवमनला सांगितलं. ते मेसेज रिठदला पोचले का, अजून कळलेलं नाही. पप्पांचा फोन आला की त्याचा चेहरा पांढरा पडतो. भाऊसिंग गावात काय बोलला, तेही देवमनला ठाऊक नाही. तो केनवडला जायचं टाळतो.

दर बुधवारी दोघं ऋषिकेशच्या तपासणीला जातात, वेगवेगळ्या ऑटोने.