ओकचा वास

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात राहणाऱ्या सुलभा केतकरला कोविड झाला आणि जाताना तो तिची वासाची जाण घेऊन गेला. ताप उतरला, खोकला थांबला, पण नाक मुकंच राहिलं. ऑफिसात पुलांची डिझाइनं करणाऱ्या या बाईच्या हातच्या आमटीसाठी मराठी मंडळातली माणसं ऑकलंडहून गाडी काढून यायची. आता फोडणी करपली तरी धूर डोळ्यांना झोंबल्यावरच तिला कळे. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाही सांगता येत. तिने स्वयंपाक नवऱ्याकडे सोपवला आणि त्या विषयावर बोलणंच सोडलं.

नवरा प्रमोद हौशी माणूस. त्या उन्हाळ्यात त्याने घरी वाइन करायचं किट आणलं. त्यात द्राक्षरसाची जाडजूड पिशवी होती, यीस्टची पुडी होती आणि भाजलेल्या ओक लाकडाच्या तुकड्यांचं पाकीट.

"हे लाकूड कशाला?" सुलभाने विचारलं.

"खरी वाइन ओकच्या पिंपात मुरते, तिला लाकडाचा स्वाद लागतो. आपल्याकडे पिंप नाही, म्हणून लाकूडच वाइनमध्ये सोडायचं."

"आमच्याकडे ओक म्हणजे दातांचे डॉक्टर," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

रस आंबून झाला, लाँड्रीतल्या, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीतल्या, मोठ्या काचेच्या बुधल्यात गेला. ओक टाकायच्या दिवशी प्रमोद ऑफिसच्या कॉलवर अडकला. तुकडे कापडी पिशवीत बांधून गरम पाण्यात भिजवायचं काम त्याने सुलभाला सांगितलं. तिने वाडग्यात पिशवी ठेवली आणि वरून किटलीतलं पाणी ओतलं.

कोणीतरी खोबरं भाजतंय, असं तिला वाटलं. ती सवयीने स्वयंपाकघरात गेली. शेगडी बंद होती.

"श्रिया, तू काही भाजतेयस का गं?"

"नो, आई. व्हाय?" लेकीने सोफ्यावरूनच विचारलं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती धावत लाँड्रीत परतली आणि वाडग्यावर वाकली. भाजलेलं खोबरं. त्याच्या मागून लवंग, अगदी बारीक, पण लवंगच. ती वाडगा मांडीवर घेऊन फरशीवर बसली आणि वाफ विरेपर्यंत हुंगत राहिली. कॉल संपवून प्रमोद आला तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती.

"वास येतोय रे मला," एवढंच ती बोलली.

मग घरभर नुसती धावपळ. तिने डोळे मिटायचे आणि श्रियाने एकेक डबा नाकाशी धरायचा. लवंग ओळखली. दालचिनी ओळखली. हिंगाचा पत्ता नव्हता, कॉफीला जळक्या रबराचा वास येत होता. पण सुलभाला त्याचंही अप्रूप, रबर तर रबर.

रोज सकाळी ती लाँड्रीत जाऊन बुधल्याचं बूच काढी. तिच्या नाकाला सगळ्यात स्पष्ट कळायचा तो ओकच, म्हणून प्रमोदच्या नकळत तिने आणखी दोन पाकिटं आणून आत सोडली.

चाखायच्या दिवशी शेजारचा कॉलिन आला. त्याने घोट घेतला, गिळला आणि अदबीने म्हणाला, "सुलभा, मागच्या उन्हाळ्यात मी अंगणात लाकडी डेक बांधला ना, तो प्यायल्यासारखं वाटतंय."

प्रमोदने चाखून बायकोकडे पाहिलं. "किती टाकलंस?"

"हेवी हँड झाला थोडा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता.

वाइन ओतून द्यायला कोणीच तयार नव्हतं. प्रमोदने ओकशिवाय दुसरं किट लावलं आणि ती वाइन तयार झाल्यावर दोन्हींची सरमिसळ करायला कॉलिनसकट तिघं मोजपात्रं घेऊन बसली. अर्धी-अर्धी केली, तरी लाकडाचाच स्वाद वर. साधी आणखी वाढवली. प्रमोद आणि कॉलिन चाखत होते, सुलभा फक्त हुंगत होती.

एका ग्लासावर ती थांबली. पुन्हा नाक आत घातलं.

"लाकडाच्या खाली जांभूळ आहे," ती हळू म्हणाली. "पिकलेलं. प्रमोद, फळाचा वास येतोय मला."

कॉलिनला जांभूळ माहीत नव्हतं. त्याने तोच ग्लास उचलून चाखला, पसंतीची मान डोलावली आणि "स्वीट अ‍ॅज" म्हणून आपला ग्लास पुढे केला. प्रमोद त्याला वाइन ओतत होता तेव्हा सुलभा टेबलावरच्या फळांच्या टोपलीतून फेजोआ, ते पेरूसारखं हिरवं सुगंधी फळ, उचलून नखाने सोलत नाकाशी नेत होती.