सहाशे चाळीस पानांचा ताप

मुलुंडहून बोरिवलीला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नाही, हे मला ठाऊक आहे. हजारो माणसं रोज जातात, संध्याकाळी परत येतात आणि त्यावर एक ओळ लिहीत नाहीत. पण माझं वय सत्तरीला टेकलेलं, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि त्यातून मी निघाले होते चोरी करायला. चोरायची होती माझीच वही. लोक हिमालयात जाताना करत नसतील एवढी तयारी मी त्या सकाळी केली. पिशवीत पाणी, खाकरे, दोन चष्मे, गुडघ्याचा पट्टा आणि वाटेत वाचायला गोष्टींचं एक बारीक पुस्तक. हे पुस्तक नसतं तर प्रवास निम्म्या वेळात झाला असता.

आता वही कशी गेली ते सांगते. आमची नऊ बायकांची पुस्तक-भिशी आहे. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं. प्रत्येकीनं एक पुस्तक जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून आणायचं, पांढरी बाजू वर. चिठ्ठी टाकून ज्याचा नंबर येईल ते उचलायचं आणि घरी गेल्यावरच उघडायचं. नाव दिसलं की बायका जाडी बघतात आणि बारीक पुस्तकावर झडप घालतात, म्हणून हा नियम. तो मीच केला. एकदा घेतलेलं पुस्तक महिनाभर आपलं, मध्येच कोणी मागायचं नाही, हाही माझाच. नियम करायची मला भारी हौस.

आणि मी शहाणी, माझ्या वहीलाही कॅलेंडरचाच कागद घालते. सुनेला ती जुनं पुस्तक वाटावी म्हणून. परवाच्या भिशीला मी पुस्तक समजून वही उचलून दिली आणि चिठ्ठी निघाली प्रमिलाची.

प्रमिला ही माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, मूळची कोकणातली. मरोळच्या एका कारखान्यात आम्ही एकाच टेबलावर औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचो. मी शाळा चौथीत सोडलेली. पुढचं सगळं वाचन आमच्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती, तिच्या जिवावर. आठवड्याला एक पुस्तक आणायचं, रात्री वाचायचं, दिवसा टेबलावर सांगायचं. हात चालू असले की सुपरवायझर तोंडाला बंदी करत नसे. प्रमिला ऐकायची आणि मधूनच विचारायची, "मग तो मेला की नाय मेला?"

त्या वहीत मी गेली पाच वर्षं वाचलेल्या पुस्तकांवर चार-चार ओळी लिहिते. पुस्तकांवर लिहिते असं म्हणते, पण पेन माणसांकडे घसरतं. प्रमिलाबद्दल एके ठिकाणी असं होतं: "प्रमिला पुस्तक वाचत नाही, मागचं कव्हर वाचते. हळदीची बोटं पान वीसपर्यंत. पुढे पुस्तक कोरं करकरीत." हे एक वेळ चाललं असतं, दोन शिव्या खाल्ल्या असत्या. पण दोन वर्षांपूर्वीची एक नोंद होती. ती मला पाठ आहे, दुर्दैवानं: "प्रमिलाचे मिस्टर गेले. जायला हवं. पण कादंबरी ऐन रंगात. ताप आलाय म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी संपली. पाने ६४०. झकास."

ते झकास वाचून तिला काय वाटेल, या विचारानं मी भिशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. तिसऱ्यांदा उचलला.

"प्रमिला, अगं ते पुस्तक..."

"वाचत्येय. मागनं कर फोन," म्हणाली आणि ठेवला.

चाळीस वर्षांत ही बाई पहिल्यांदा वाचत होती, आणि काय वाचत होती! मी पातळ बदललं आणि निघाले. सोनल, माझी सून, म्हणाली, "आई, रिक्षानं स्टेशनला तरी जा." मी म्हटलं, मला मेट्रोनंच जायचंय. स्टेशनचे जिने म्हणजे माझ्या गुडघ्यांचे वैरी, आणि मेट्रोला सरकते जिने असतात, एवढं मला माहीत होतं.

बसनं घाटकोपरला आले. तिथे मेट्रोच्या दाराशी आधी सामान यंत्रातून जातं, मग माणूस. माझी पिशवी आत गेली तशी मीही तिच्यामागे वाकून बघायला लागले, ती बाहेर येतेय का. मागच्या बाई गुजरातीत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. मला गुजराती येत नाही, पण हसणं समजतं.

गाडी मात्र छान. थंडगार. असल्फ्याच्या टेकडीवरची रंगीत घरं खिडकीतून एखाद्या पोरानं खडूनं काढल्यासारखी दिसतात. मग साकीनाक्याची पत्र्याची छपरं, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर टायर, टायरमध्ये झोपलेलं मांजर. खालनं आयुष्यभर चाललेला रस्ता वरनं बघितला की आपला वाटतच नाही. मरोळ आलं तेव्हा आमचा कारखाना दिसतो का म्हणून मी मान वाकडी केली. तिथे काचेची उंच इमारत होती. कारखान्याचं सोडा, मला परत प्रमिला आणि ते झकास आठवलं. ते डोक्यातनं जावं म्हणून मी गोष्टींचं पुस्तक काढलं. म्हटलं, दोनच ओळी वाचू. हायवेजवळ उतरायचं, पुलावरून चालत दुसऱ्या मेट्रोत बसायचं, सोनलनं कागदावर लिहून दिलं होतं.

डोळे वर केले तेव्हा डब्यात मी आणि खाकी कपड्यांतली एक सुरक्षेवाली मुलगी, दोघीच.

"मावशी, उतरा. शेवटचं स्टेशन."

"हे कुठलं?"

"वर्सोवा. तुम्हाला कुठं जायचंय?"

"बोरिवली."

"मग इकडं कुठं आलात? ह्याच्या पुढं समुद्र हाय!"

"वाचत होते गं."

तिनं माझ्या हातातलं पुस्तक बघितलं. "मोबाइलवाले रोज चुकतात, मावशी. पुस्तकवाली पहिल्यांदाच बघितली." मग तिनंच मला हाताला धरून समोरच्या गाडीत बसवलं. डीएन नगरला उतरा, तिथनं दुसरी मेट्रो बोरिवलीपर्यंत जाते, आणि आता पुस्तक पिशवीत ठेवा, असा दमही भरला. मी शाळकरी पोरीसारखी मान डोलावली.

दुसऱ्या मेट्रोनं मालाड, कांदिवली असं करत बोरिवली पश्चिमेला आले. तिथनं रिक्षा. प्रमिला गोराईच्या रस्त्याला सातव्या मजल्यावर राहते. जुनी बैठी घरं पाडून उभी राहिलेली इमारत, आणि लिफ्ट एवढीशी की दोन माणसं आणि एक भाजीची पिशवी असली तर पिशवीला अवघडल्यासारखं होईल.

वर जाताना मी डाव ठरवला. वही किराण्याच्या हिशेबाची आहे असं म्हणायचं, बदली गोष्टींचं पुस्तक द्यायचं आणि पाणी पिऊन सटकायचं.

प्रमिलानं दार उघडलं. नाकावर चष्मा, कानामागे पेन्सिल.

"इलंस? ये गो. मला वाटलंच, आज चोर येतलो म्हणून."

"चोर कसली? अगं, चुकून वही आली तुझ्याकडे. काही नाही त्यात, किराण्याच्या याद्या."

"हो काय? मग किराणा बराच तिखट आहे तुझा," ती म्हणाली. "बस. घावणे घालत्येय. खा आधी."

घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी, आमच्याकडे हा प्रकार नाही) आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं (ही आपली सांबारासारखी पातळ डाळ नव्हे, ही दाट खोबऱ्याची उसळ). चाळीस वर्षं हे तिच्या हातचं खातेय मी. ती स्वयंपाकघरात वळली आणि मला टेबलावर वही दिसली. उघडीच, उपडी घातलेली.

उचलून पिशवीत टाकायची, एवढंच करायचं होतं. पण मला राहवलं नाही. ही बाई कुठपर्यंत आलीय ते बघावं म्हटलं. कसं बघायचं ते मला चांगलं माहीत होतं, शोध माझाच. पान दहा, हळद. पान वीस, हळद. पान एकवीस, हळद! पन्नास, साठ, ऐंशी, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पिवळं बोट. मग ते पान आलं. "झकास"च्या शेजारी अख्खा अंगठा उमटलेला, रेघा मोजाव्यात इतका स्वच्छ. तिथे ती बराच वेळ थांबली असणार.

आतनं आवाज आला, "बघून झालं? गेल्येय ना मी वीसच्या पुढे?"

मी वही होती तशी उपडी ठेवली. ती ताटली घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली, स्वतः समोर बसली.

"ताप किती होता गो तुला?"

मी घावण्यावर सांबारं ओढून घेतलं.

"मी सांगते. सहाशे चाळीस पानांचा."

"चुकलं गं माझं," म्हटलं. "तोंड नव्हतं दाखवायला म्हणून पुढेही काही बोलले नाही."

"ता ऱ्हवांदे. मला एक सांग, काय होतं तीत? इतकं सोडवेना असं काय होतं? टेबलावर सांगायचीस तसं सांग."

मी सांगायला घेतलं. दोन भाऊ होते. मोठा वाडा-बिडा नाही, नदीकाठी गिरणी होती, पिठाची. धाकट्यानं घर सोडलं. की थोरल्यानं सोडलं? एक बाई होती, ती दोघांपैकी कोणाची तरी बायको होती. मग पूर आला, किंवा आग लागली. एवढ्यावर मी थांबले. पुढे काही आठवेना. अगदी काही म्हणजे काही नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी आठवेना.

"आणि शेवट?"

"नाही आठवत, प्रमिला."

तिनं कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "वाट लागली," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तू इथे पण नव्हतीस, आणि तिथे पण नव्हतीस."

वाचणाऱ्या बाईला याहून वाईट कोणी काही बोललेलं नसेल. मी घावणं तोडलं आणि तुकडा परत ताटलीत ठेवला.

"मग मीच सांगते तुला," ती म्हणाली. "ऐक. हे हॉस्पिटलात गेले पहाटे. घरी आणलं, तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर जाईना. सात मजले जिन्यानं कसं नेणार? आमचो पुतणो म्हणालो, खुर्चीत बसवूया. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं ह्यांना, अंगावर शाल, डोक्याला कानटोपी. मी बाजूला उभी, खांदा धरून. लिफ्ट निघाली, आणि तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. समोर तिसऱ्यावरची म्हातारी, लेकीकडनं त्याच दिवशी आलेली, तिला काय माहीत? ह्यांना बघितलं आणि म्हणते, 'अगो बाई, डिस्चार्ज मिळालो वाटता! बरे दिसतत हां!'"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मी 'हो' म्हटलं. दार बंद झालं."

मी ओठ घट्ट मिटले. प्रमिलानं माझ्याकडे बघितलं, तिचा खांदा हलला, आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. टेबलावर डोकं ठेवून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. ती मध्येच "बरे दिसतत हां" म्हणायची की परत सुरू. नंतर कधीतरी ते हसणं सरलं आणि नुसतं पाणीच राहिलं. मी तिचा हात धरला. तो हळदीचाच होता.

"हे सांगायला मी त्या संध्याकाळी फोन केला तुला," नाक पुसत ती म्हणाली. "सोनल म्हणाली, आईंना ताप आहे, झोपल्यात. मग कोणालाच नाही सांगितलं."

निघताना मी वहीकडे हात नेला. तिनं ती उचलून कपाटावर ठेवली. "महिना माझो. नियम कोणी केलो?"

रिकाम्या हातानं परत आले. मेट्रोच्या खिडकीतून दिवे लागलेली उपनगरं बघत विचार करत होते. त्या वहीत पाच वर्षांत वाचलेलं सगळं आहे: नाव, पानं, चांगलं, वाईट. मी ते वाचत बसलेले असताना बाहेर काय काय होऊन गेलं, त्याची नोंद मात्र नाही. ती ठेवायला मी तिथे असायला हवी होते.

रात्री जेवताना मी मुलाला आणि सोनलला लिफ्टची हकिगत सांगितली. खुर्ची, कानटोपी, तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी. "बरे दिसतत हां" म्हणताना मला परत हसू फुटलं. सोनलचा घास हातातच राहिला. मुलगा म्हणाला, "आई, अगं हसतेस काय? माणूस गेलेला, त्यात हसण्यासारखं काय आहे?"

मी हसायची थांबले आणि आमटी वाढून घेतली. दोन वर्षं प्रमिलानं ही गोष्ट कोणालाच का सांगितली नव्हती, ते तेव्हा कळलं. तिला सांगण्यासारखं माणूस एकच होतं, आणि ते त्या संध्याकाळी पान चारशे बारावर होतं.